सायकलवरून उतरायच्या जागा : बालाजीनगर ते पद्मावती, कामाच्या नोंदी

पुण्यात सातारा रस्त्यावर बालाजीनगरकडून पद्मावतीकडे शाळेत येणाऱ्या मुलांना सायकलने नीट जाता यावं, यासाठी आम्ही काही पालक, जवळच्या दोन सोसायट्यांमधले ज्येष्ठ नागरिक आणि शाळेतल्या दोन बाई मिळून हे काम करतो आहोत. अंतर साधारण दोन किलोमीटर. सायकल ट्रॅक आहे, पण मुलं रिक्षाने, व्हॅनने नाहीतर आईबाबांच्या गाडीवर पुढे उभं राहून जातात. उद्या कोंढव्यात, वारज्यात किंवा औंधात कोणी हेच करायला घेतलं, तर आमचा वेळ आणि पैसा कुठे गेला हे आधी कळावं, म्हणून या नोंदी.

४ जून २०२३

पहिली पाहणी. तपासणीसाठी मोठा तक्ता केला होता : रुंदी, पृष्ठभाग, दिवे, सावली, अडथळे, पाट्या. प्रत्येकाला ट्रॅकचा एकेक तुकडा वाटून दिला. तासाभराने तक्ते परत आले ते "बरा", "ठीक", "मध्ये मध्ये खराब" अशा शेऱ्यांनी भरून. ते घेऊन महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो असतो, तर "नेमकं कुठे?" या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नव्हतं. सकाळ गेली.

मग वेगळं केलं. चौथीतली एक मुलगी आणि सातवीतले दोन भाऊ सायकली घेऊन आले होते. त्यांना म्हटलं, तुम्ही रोज शाळेत जाताय असं समजून चालवा. जिथे पाय टेकवावा लागेल किंवा ट्रॅक सोडून रस्त्यावर उतरावं लागेल, तिथे थांबा. आम्ही मागून खडू घेऊन चालत होतो. मूल थांबलं की खूण, फोटो आणि कारण एका ओळीत. तक्त्याचे बाकी सगळे रकाने त्याच दिवशी काढून टाकले.

ही पद्धत मी प्रत्येकाला सुचवेन. ट्रॅक किती मीटर आहे, यापेक्षा मूल त्यावरून किती वेळा खाली उतरतं, यावर तो वापरला जाणार की नाही हे ठरतं. आणि हे मोठ्या माणसाने सायकल चालवून कळत नाही. आपण सवयीने ट्रॅक सोडून वाहनांमधून वाट काढतो आणि आपण उतरलो हे आपल्या लक्षातही येत नाही.

११ जून

खुणा नकाशावर घेतल्या आणि टेप घेऊन पुन्हा फिरलो. बहुतेक जागा चार प्रकारांत बसतात. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक तुटतो. चेंबरचं झाकण वर आलेलं किंवा खचलेलं असतं. ट्रॅकवर दुचाकी लावलेल्या असतात. आणि बसथांबा, फीडर पिलर (विजेची जमिनीवरची पेटी) किंवा झाड बरोबर मधोमध येतं.

यात सगळ्यात जास्त जागा गल्लीच्या तोंडाच्या निघाल्या. एक इथे नीट सांगते, कारण असंच पुण्यात जागोजागी दिसेल. के. के. मार्केटच्या अलीकडे एका गल्लीशी ट्रॅक संपतो, उतार आहे, गल्ली ओलांडली की पलीकडे पुन्हा चढ आहे. लांबून पाहिलं तर सगळं बरोबर. पण उतार डांबराला टेकतो तिथे सहा सेंटिमीटरची उभी कड राहिली आहे, कारण ट्रॅक झाल्यानंतर रस्त्याचं काम वेगळं झालं आणि दोघांची पातळी जुळली नाही. मोठ्या माणसाच्या २६ इंची चाकाला ही कड एक दणका देते. चौथीतल्या मुलीच्या २० इंची चाकाला ती जवळजवळ भिंत आहे. चाक लहान असलं की तीच कड त्याला जास्त वर लागते, चाक चढत नाही, अडतं आणि मूल हँडलवर पुढे जातं. त्या मुलीने तिथे न सांगता पाय टेकवला होता. कडेच्या सिमेंटवर पेडल घासल्याच्या पांढऱ्या रेघा होत्या. म्हणजे तिथे अडणारी ती पहिली नव्हती.

या ट्रॅकचा इतिहास माहीत असला की असे दोष का राहतात ते कळतं. डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेट ते कात्रज आणि स्वारगेट ते हडपसर या मार्गांवर देशातली पहिली बीआरटी (बससाठी वेगळी मार्गिका) प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तेव्हापासून या रस्त्याची आखणी, खोदाई आणि फेररचना होत आली आहे. पदपथ एका कामात, डांबरीकरण दुसऱ्या कामात, पाइपलाइन तिसऱ्या कामात. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ट्रॅकच्या जाळ्याबरोबर सायकल पार्किंगचा आणि सार्वजनिक सायकलींचाही विचार आहे. आराखडा चांगला आहे, मी तो वाचून काढला. पण आराखडा किलोमीटरमध्ये बोलतो आणि मुलं सांध्यांवर, म्हणजे ट्रॅक रस्त्याला मिळतो तिथे, अडतात. आम्ही किलोमीटर वाढवून मागायचेच नाहीत, फक्त सांधे मागायचे, असं या दिवशी ठरलं. त्यानंतरचं सगळं काम याच धोरणावर चाललं.

१९ जून

शाळा १५ तारखेला सुरू झाली. फाटकाशी उभं राहून पालकांशी बोललो. सायकल का देत नाही, याचं कारण बहुतेकांनी "ट्रॅफिक" असंच सांगितलं. खोदून विचारलं की कारणं फुटत गेली : पद्मावतीचा सिग्नल, ट्रॅकवरून उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले, सात-आठ किलोचं दप्तर. आणि शाळेत सायकल ठेवायला जागा नाही, हेही. हे शेवटचं आमच्या यादीत कुठेच नव्हतं.

शाळेचा जुना सायकल स्टँड अजून आहे, पण तिथे कर्मचाऱ्यांच्या दुचाकी लागतात. मुख्याध्यापिकाबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "सायकली आल्या तर मी जागा देते. रिकामी जागा धरून ठेवली तर स्टाफ मला विचारणार, ह्या सायकली कुठायत?" आम्ही म्हटलं, जागा दिसल्याशिवाय पालक सायकल पाठवणार नाहीत. शेवटी अर्धा स्टँड दोरी बांधून मोकळा करायचा आणि दिवाळीपर्यंत भरला नाही तर परत द्यायचा, असं ठरलं. रस्त्याच्या कामाला महिने लागतात, हे काम एका बैठकीत झालं. दुसरीकडे सुरुवात करणाऱ्यांनी आधी शाळेत जावं.

२ जुलै

सायकल दुरुस्तीचं शिबिर. दोन्ही सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली खूप होत्या. मालकांच्या परवानगीने त्या बाहेर काढल्या. एका मेस्त्रीकाकांना दिवसाची १,५०० रुपये मजुरी देऊन बोलावलं.

सामान आम्ही अंदाजाने आणलं होतं : ट्यूब, ब्रेक शू, चेन, ग्रीस. ट्यूब निम्म्याच बसल्या, कारण मुलांच्या सायकलींमध्ये १६, २० आणि २४ इंच असे आकार होते आणि आम्ही २६ इंचीच जास्त आणल्या होत्या. काकांनी दोनदा दुकानात माणूस पाठवला. डिस्क ब्रेकच्या आणि गिअरच्या सायकलींचं सामान तर त्या दिवशी मिळालंच नाही, त्या तशाच परत गेल्या. सामान आणि मजुरी मिळून नऊ हजारांच्या आसपास खर्च झाला. त्यातल्या न लागलेल्या ट्यूब दुकानदाराने बदलून दिल्या, हे त्याचे उपकार.

पुढच्या शिबिरासाठी ठरवलेलं : आठवडाभर आधी प्रत्येक सायकलीच्या टायरवरचा आकार लिहून घ्यायचा आणि त्याप्रमाणेच सामान आणायचं. रिम वाकलेल्या सायकली शिबिरात घ्यायच्या नाहीत. आऊट काढत बसलं की एका सायकलीत तास जातो आणि बाकीची मुलं ताटकळतात. ब्रेकला मात्र सगळ्यांत पहिला वेळ द्यायचा. कात्रजकडून स्वारगेटकडे रस्ता उताराचा आहे. सकाळी शाळेत येताना मुलांना पेडल कमी आणि ब्रेक जास्त लागतो.

१६ जुलै

माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत ३० दिवस. आमच्या गटातल्या एकांनी आधी एक अर्ज केला होता, त्यात विचारलं होतं, "ट्रॅकची देखभाल का होत नाही?" त्याला काही उपयोगी उत्तर येत नाही. या कायद्यात कागद मागता येतो, कारण मागता येत नाही. नव्या अर्जात आम्ही एवढंच मागितलं : या पट्ट्यातल्या पदपथ आणि ट्रॅकच्या शेवटच्या कामाच्या कार्यादेशाची (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेल्या आदेशाची) प्रत, मंजूर नकाशाची प्रत आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख.

दोषदायित्व कालावधी फार कामाचा. तो चालू असेल तर खचलेलं चेंबर आणि उखडलेले ब्लॉक ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात, नव्या निधीची वाट बघावी लागत नाही.

६ ऑगस्ट

उत्तर वेळेत आलं. एका तुकड्याचा दोषदायित्व कालावधी अजून चालू होता. ते पान फोटोसकट घेऊन कनिष्ठ अभियंत्यांना भेटलो. त्यांनी त्याच आठवड्यात सोबत येऊन पाहणी केली. माणूस कामाचा निघाला. आमच्या यादीतली प्रत्येक जागा त्यांनी स्वतः वाकून पाहिली.

पावसाळी गटारांच्या जाळ्यांचं काम तिथल्या तिथे झालं. काही जाळ्यांच्या फटी प्रवासाच्या दिशेनेच होत्या. सायकलचं बारीक चाक अशा फटीत उभं अडकतं. त्यांनी माणूस बोलावून जाळ्या उचलून आडव्या फिरवून बसवल्या. खर्च शून्य. जिथे जाळी चौकोनी नाही, तिथे ती फिरत नाही, त्या तशाच राहिल्या.

चेंबरची झाकणं वर उचलायला मात्र पाऊस थांबेपर्यंत थांबावं लागणार. ओल्यात भरलेलं काँक्रीट टिकत नाही, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं.

२१ ऑगस्ट

नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकासाठी अर्ज भरले. पुण्यात ही पद्धत २००६ पासून आहे. आपल्या भागातलं छोटं काम नागरिकांनी सुचवायचं आणि ते पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात धरलं जावं, अशी ती सोय. एका कामाची मर्यादा पाच लाख रुपये. तेव्हा "पूर्ण ट्रॅक दुरुस्त करा" असा अर्ज करण्यात अर्थ नाही, तो मर्यादेबाहेर जातो. आम्ही प्रत्येक गल्लीच्या तोंडासाठी वेगळा अर्ज केला. प्रत्येकाला फोटो, मोजमाप आणि नकाशावरची खूण जोडली. अंदाजे खर्च अभियंत्यांना विचारून लिहिला.

मागणी काय करायची यावर गटात वाद झाला. काहींचं म्हणणं, उतार नीट करून घ्या, कड काढली की झालं. माझं म्हणणं वेगळं होतं आणि अजून आहे. पदपथाची कड १५ सेंटिमीटर उंच धरली आणि एकास बारा उतार ठेवला, तर उतारच १.८ मीटर लांब होतो. गल्लीच्या दोन्ही बाजूंना असे उतार आले की मूल प्रत्येक गल्लीशी खाली जाणार, वळणाऱ्या गाडीसमोर येणार आणि पुन्हा वर चढणार. त्यापेक्षा गल्लीचं तोंडच ट्रॅकच्या पातळीला उचलायचं. मग सायकल आणि चालणारे सरळ जातात आणि गाडीला चढून यावं लागतं, म्हणून तिचा वेग आपोआप उतरतो. शेवटी जास्त रहदारीच्या गल्ल्यांना उंच केलेलं ओलांडण आणि बाकीच्यांना नीट उतार, अशी मागणी लिहिली.

मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. एरवी असा अर्ज घेऊन नगरसेवकाच्या ऑफिसात बसता येतं. तेव्हा पाठपुरावा अधिकाऱ्यांकडेच करावा लागला. त्याला जास्त फेऱ्या लागतात, पण कागद नीट असला तर काम अडत नाही, असा आमचा अनुभव.

२९ सप्टेंबर

गणेशोत्सवात काही केलं नाही. मांडव, कमानी, स्टॉल यांमुळे ट्रॅक आणि पदपथ दोन्ही भरलेले असतात आणि पोलिसांकडे, अभियंत्यांकडे वेळ नसतो. वेळापत्रक आखताना हे आठवडे वगळूनच आखा.

८ ऑक्टोबर

पाऊस ओसरला. ट्रॅकवर लागणाऱ्या दुचाकींचा प्रश्न हातात घेतला. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात शिकवणारं काम हेच.

पहिली सूचना नेहमी येते ती बोलार्डची : खांब रोवा, गाड्या येणार नाहीत. टेप घेऊन बसल्यावर त्यातला घोळ दिसला. चाकाची खुर्ची जायला ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. अॅक्टिव्हा सुमारे ७० सेंटिमीटर रुंद. म्हणजे ज्या फटीतून खुर्ची जाईल, त्यातून अॅक्टिव्हा आरामात जाणार. अॅक्टिव्हा अडवायला फट अरुंद केली, तर खुर्ची, बाबागाडी, दुधाच्या किटल्या लावलेली सायकल असं सगळं अडतं आणि मुलांची हँडलं घासतात. बोलार्ड चारचाकी अडवतो, दुचाकी अडवत नाही. आम्ही ते फक्त दोन फाटकांशी मागितले, जिथे मोटारी ट्रॅकवर चढतात.

मग दुचाकी कशा हटवायच्या? सायकल ट्रॅकवर मोटार वाहन चालवायला नियमांनी मनाई आहे, पण रोज पोलीस उभा राहू शकत नाही. दुकानांच्या ओळीत एक हार्डवेअरवाले काका आहेत. त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "ताई, माझं गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं. त्याने गाडी लावायची कुठे, ते तुम्ही सांगा. मग मी त्याला ओरडतो." प्रश्न बरोबर होता.

बाजूच्या गल्लीत जागा होती, पण तिथे चारचाकी दिवस दिवस उभ्या असायच्या. वाहतूक शाखेकडे अर्ज करून तिथे एका रविवारी चाचणीची परवानगी घेतली. शंकू भाड्याने आणले, नगाला दिवसाचे ३० रुपये. सकाळी शंकू मांडून दुचाकींची जागा राखली आणि ट्रॅक मोकळा केला. अकरापर्यंत चांगलं चाललं. मग एका टेम्पोने शंकू बाजूला केले, त्याच्या मागे दोन मोटारी शिरल्या आणि दुचाकी पुन्हा ट्रॅकवर आल्या. दुपारी गुंडाळलं. नुसत्या शंकूंनी जागा मोकळी असल्याचं कळतं, ती कोणासाठी मोकळी आहे हे कळत नाही.

१५ ऑक्टोबर

पुन्हा परवानगी, पुन्हा तीच जागा. या वेळी मैदानावर मारतात ती फक्की आणली आणि जमिनीवर एक मीटर बाय दोन मीटरचे चौकोन आखले, प्रत्येकात दुचाकीचं चित्र काढलं. चित्रं शाळेतल्या मुलांनी काढली. चौकोनांच्या दोन्ही टोकांना हार्डवेअरवाल्या काकांनी स्वतःची एकेक स्कूटर उभी केली, त्यामुळे मोटारीला शिरायला तोंडच राहिलं नाही. संध्याकाळपर्यंत टिकलं. आलेला माणूस चौकोन बघून आपसूक गाडी सरळ लावत होता, एरवी तिरप्या लागतात त्यापेक्षा जास्त गाड्या मावल्या. हे पाहिल्यावर शेजारचे दोन दुकानदारही बाजूने झाले. तोवर ते आमच्याशी बोलतही नव्हते.

ट्रॅकवर भाजीची हातगाडी लावणाऱ्या मावशींचा विषयही याच दिवशी झाला. एकदोघांनी त्यांना उठवण्याची तक्रार करू म्हटलं. मला ते मान्य नव्हतं आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला २०१४ चा कायदा संरक्षण देतो. शिवाय त्या मावशी असल्यामुळे संध्याकाळी त्या कोपऱ्यावर दिवा असतो, माणूस असतो. मुलींना त्या जागेचा आधार वाटतो. मावशींना विचारलं, "दोन झाडांच्या मधे गाडी घेतली तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "चालंल की. पर तिथं पाणी साचतंय, तेवढं बघा." तिथले खचलेले ब्लॉक आमच्या यादीत घातले. गाडी हलली.

२६ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपल्यावर सायकल बस सुरू केली. बस म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या थांब्यांवर मुलांना घेत जाणारा सायकलींचा गट, पुढे एक मोठं माणूस, मागे एक. बार्सिलोनात २०२१ पासून असे गट निघतात. आमचा आठवड्यातून दोन दिवस, बुधवार आणि शुक्रवार. रिफ्लेक्टर जॅकेट ८० रुपयांना एक मिळाली.

पहिल्या आठवड्यांत मोडलेलं बरंच काही. शिट्टी वाजवून थांबवायचं ठरवलं होतं, ती हॉर्नमध्ये ऐकूच येत नाही. मुलांना हात वर केला की थांबा, हात खाली हलवला की हळू, एवढ्या दोनच खुणा शिकवल्या, त्या पुरल्या. मोठी मुलं पुढे पळायची आणि गट लांबायचा. सगळ्यात लहान मुलाला पुढच्या मोठ्या माणसाच्या लगेच मागे ठेवलं, मग गट त्याच्या वेगाने चालू लागला.

सिग्नलचा प्रश्न असा सुटला नाही. पद्मावतीच्या चौकात हिरव्या दिव्यात निम्मी मुलं पलीकडे जायची, निम्मी अलीकडे राहायची आणि मग मागची मुलं घाईने लाल दिव्यात सुटायची. हे धोक्याचं होतं. दोन दिवस बस थांबवली. नंतर गटाचे सुरुवातीपासूनच दोन भाग केले, प्रत्येकाला पुढे-मागे मोठं माणूस. त्यासाठी चार पालक लागतात आणि दर वेळी चार मिळत नाहीत. न मिळाले तर बस रद्द, हा नियम आम्ही पाळतो, मुलं हिरमुसली तरी. हिरव्या दिव्याची वेळ शाळेच्या अर्ध्या तासापुरती वाढवावी, असं पत्र वाहतूक शाखेला दिलं आहे.

परतीची बस बंद केली. दुपारचं ऊन, चढ आणि दप्तर, लहान मुलांना जमत नव्हतं. ती पालकांबरोबर किंवा मोठ्या भावंडांबरोबर हळूहळू येतात. शाळेने वर्गात कपाट दिल्यापासून दप्तर हलकं झालं आहे. परतीच्या चढाला याचा फायदा रस्त्याच्या कुठल्याही कामापेक्षा जास्त झाला.

शाळेचा अर्धा स्टँड भरला. दोरी पुढे सरकवली.

११ फेब्रुवारी २०२४

चेंबरची झाकणं ट्रॅकच्या पातळीला आली. के. के. मार्केटच्या अलीकडची ती कडही दोषदायित्वातच काढून मिळाली, सिमेंटचा लांब उतार झाला. चौथीतली मुलगी त्यावरून न थांबता गेली.

वाहतूक शाखेच्या मंजुरीने दुचाकींच्या चौकोनांना पक्का रंग मिळाला. थर्मोप्लास्टिक रंग तापवून ओततात, त्याला कोरडा आणि धूळ झाडलेला रस्ता लागतो, म्हणून हे काम ऑक्टोबर ते मे यातच होतं. ट्रॅक मात्र रंगवू नका, असं आम्हीच सांगितलं. साधा रंग पावसात निसरडा होतो आणि वळणावर मुलं घसरतात.

१८ मार्च

शनिवारी, १६ तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागली. सहभागी अंदाजपत्रकात आमच्या अर्जांपैकी दोन उंच ओलांडणं धरली गेली होती, पण कार्यादेश निघालेला नव्हता. आता निकालापर्यंत नवीन काम नाही. निवडणुकीच्या वर्षात काम मागणाऱ्यांनी फेब्रुवारीच्या आत कार्यादेशाचा पाठपुरावा करावा. आमचा मार्च, एप्रिल, मे असा सगळा कोरडा हंगाम यात जाणार.

३० जून

पाऊस सुरू झाला आणि फेब्रुवारीत केलेल्या उताराने पाणी अडवलं. उतार कडेच्या पन्हळीत पुढे आला होता, त्यामुळे जाळीकडे जाणारं पाणी तिथेच तुंबलं. आठवड्याभरात शेवाळ धरलं आणि एक मुलगा घसरला. गुडघा फुटला, त्यापेक्षा जास्त काही नाही, पण त्या जागेवरून सायकल बस आम्ही लगेच बंद केली. अभियंत्यांना त्याच दिवशी फोटो पाठवला. त्यांनी उताराच्या खालच्या टोकाला आडवी खाच कापून त्यावर बारीक फटींची लोखंडी जाळी टाकून घेतली. आता पाणी जातं. उतार किंवा उंच ओलांडण, काहीही केलं की काँक्रीट वाळल्यावर तिथे टँकरच्या नळीने पाणी सोडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पावसाळ्याची वाट बघायला नको.

उंच ओलांडणांच्या अंदाजपत्रकात यामुळे एक ओळ वाढवून घेतली आहे : दोन्ही कडांना खालून पाइप आणि वर उचलता येणारी जाळी, म्हणजे गाळ काढता येईल. एका ओलांडणाचा खर्च पावणेतीन लाखांच्या आसपास धरला आहे, पाइपसकट.

आमच्या खिशातून वर्षभरात गेलेला खर्च : दुरुस्तीची दोन शिबिरं, शंकूंचं भाडं, फक्की, जॅकेट, छपाई आणि अर्जांचे किरकोळ पैसे मिळून तेवीस हजारांच्या आत. यातली निम्म्याहून जास्त रक्कम सायकल दुरुस्तीची.

बाकी असलेलं : पद्मावतीच्या सिग्नलची वेळ, पत्राला उत्तर नाही, पुन्हा भेटायचं आहे. बसथांब्यामागून ट्रॅक जायला जागा आहे, पण फीडर पिलर सरकवावा लागेल. ते वीज कंपनीचं काम, त्यांचा वेगळा अर्ज. ऑगस्टमध्ये सहभागी अंदाजपत्रकाचे नवे अर्ज, या वेळी बालाजीनगरच्या बाजूच्या गल्ल्या. त्याआधी, जुलैच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता खडू घेऊन पुन्हा मोजणी, नव्या चौथीतल्या मुलांबरोबर. ज्यांना आपल्या भागात सुरू करायचं आहे, त्यांनी त्या दिवशी सोबत यावं. स्वतःचं मूल आणि त्याची सायकल घेऊन या.